एक, तीन, चार, दोन

फक्त गाडीचे पॉइंट साफ करायचे, एवढंच ठरलं होतं. एक पॉलिश पेपरचा तुकडा, एक फडकं आणि अर्धा तास. हेडक्लार्कांनी बायकोला तसं सांगितलं आणि बाह्या सरसावून ते शेडकडे निघाले. बायकोने बावीस वर्षांच्या अनुभवावरून त्यांना आधी पोटभर जेवून घ्यायला लावलं.

आता गाडीचं सांगायला हवं. गाडी सासऱ्यांची. सासरे मुलीकडे राहायला आले ते एक ट्रंक, एक रेडिओ आणि ही गाडी घेऊन. ट्रंक माळ्यावर गेली, रेडिओ बंद पडला, गाडी मात्र घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये ठाण मांडून बसली. सकाळी सुरू व्हायला तिला दहा-बारा सेल्फ लागायचे. सुरू झाली की अशी थरथरायची की शेडचा पत्राही तिच्याबरोबर वाजायचा. आणि जरा चढ लागला की रेडिएटरमधलं पाणी उकळून बॉनेटखालून वाफ. सासऱ्यांना यात काहीच वावगं वाटत नसे. ‘गाडीला स्वभाव असतो,’ ते म्हणायचे. जावयालाही स्वभाव असू शकतो, हे मात्र त्यांनी कधी मान्य केलं नव्हतं.

सासरे टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. लाइनवरची खरखर ऐकून बिघाड कितव्या खांबाशी आहे ते सांगायचे, अशी त्यांची ख्याती (निदान ते स्वतः तरी तसंच सांगत). कान अजून तसेच तिखट होते. डोळ्यांचं मात्र वाटोळं झालं होतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि उजवा तर इतका पिकला होता की समोर उभा आहे तो जावई की कपाट, हे त्यांना आवाज आल्यावरच कळायचं. (आवाज आल्यावर त्यांना कपाट असतं तर बरं, असं वाटत असावं.) ऑपरेशनच्या तारखा दोनदा ठरल्या आणि दोनदा मोडल्या. पहिल्या वेळी आदल्या दिवशी त्यांना खोकला झाला. दुसऱ्या वेळी खोकला झाला नाही, म्हणून पाठ धरली. शेवटी डॉक्टरीणबाईंनी मुलीला बाजूला घेऊन स्पष्टच सांगितलं, ‘सोमवारी सकाळी आणा. आता आणखी थांबलात तर तो डोळा हातचा जाईल.’

बायको घरी येऊन वडिलांपुढे बसली आणि रडली.

‘जाईन,’ सासरे म्हणाले. ‘पण माझ्या गाडीतून. दुसऱ्या कुठल्याही वाहनात मी पाय ठेवणार नाही.’

हेडक्लार्कांचा जीव भांड्यात पडला. बायकोचा नाही पडला. स्वयंपाकघरात येऊन तिने दार लोटून घेतलं.

‘अहो, कळलं का काही? हॉस्पिटल आहे टेकडीवर. ती गाडी आयुष्यात टेकडी चढायची नाही. मधेच उकळणार, आणि मग बाबा म्हणणार, मी तर निघालो होतो बाई, गाडीच आली नाही. घाबरलेत ते.’

‘मग टॅक्सी...’

‘टॅक्सीत बसतील ते? ओळखता ना माझ्या बाबांना?’

हेडक्लार्क ओळखत होते. बावीस वर्षांत सासऱ्यांनी त्यांना एकदाही ‘छान’ म्हटलं नव्हतं. लग्नात सूट घातला तेव्हा ‘शिंप्याने बराच प्रयत्न केलाय’ म्हणाले होते. नाही म्हणता म्हणता हेडक्लार्कांच्या मनात आलं, आपणच गाडी नीट केली, ती टेकडी चढली, ऑपरेशन झालं, पट्टी निघाली, आणि समोर आपण. तेव्हा तरी तो शब्द निघेल की नाही? त्यांनी शुक्रवारची रजा टाकली.

आणि म्हणून पॉइंट साफ करायचे, एवढंच ठरलं.

चारही प्लगांना आळीपाळीने ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढून बघतात तर पॉइंट शिल्लकच नव्हते. ज्या दोन टिकल्या एकमेकींना चिकटून-सुटून ठिणगी पाडतात, त्या झिजून झिजून नावापुरत्या उरल्या होत्या. हेडक्लार्कांनी पॉलिश पेपर घासला तशी एक टिकली चक्क निखळून खाली पडली. ती शोधताना कोपर लागून रेडिएटरच्या तळाशी असलेलं गंजाचं ढेकूळ सुटलं आणि तिथून पाण्याची बारीक, नेटकी धार लागली. अर्धा तास पुरा व्हायला अजून दहा मिनिटं होती.

‘झालं का साफ?’ बायकोने दारातून विचारलं.

‘अगदी साफ,’ हेडक्लार्क म्हणाले.

मेकॅनिकने पुढच्या गुरुवारपर्यंत वेळ नाही म्हणून सांगितलं. नव्या पार्टचं दुकानदाराला विचारलं, तर त्याने गाडीचं मॉडेल ऐकून आपल्या वडिलांना हाक मारली आणि वडील म्हणाले, ‘अरे वा, आहेत अजून?’ उरला भंगारवाला.

भंगारवाला गावाबाहेर पत्र्याच्या कुंपणात राहायचा. बसायला त्याच्याकडे खुर्ची नव्हती, गाडीची सीट होती. गाडी नसलेली सीट. तिच्यावर रेलून त्याने हेडक्लार्कांची सगळी हकिगत ऐकली आणि विचारलं, ‘साहेब, पॉइंट हवेतच कशाला?’

‘म्हणजे?’

‘ते जुनं झालं. त्या कोपऱ्यात तुमच्याच कंपनीची नंतरची गाडी पडलीय. इंजिन तेच. पण पॉइंट नाहीत, ही काळी डबी आहे. ठिणगीचं सगळं हीच बघते.’

‘डबीत असतं काय?’

‘ते डबीलाच माहीत. माझ्याकडे कोणी उघडून विचारलेलं नाही.’

‘ती गाडी मग भंगारात का आली?’

‘मागून ट्रकने दाबली. पुढून अजून नवरी आहे.’

हेडक्लार्कांना मोह झाला. मोह हा असा असतो की माणूस पॉइंट आणायला जातो आणि त्याला काळी डबी, तिच्यासकट अख्खा डिस्ट्रिब्युटर, कॉइल, दोनपदरी रेडिएटर आणि विजेवर चालणारा पंखा दिसायला लागतो. हा पंखा तर भंगारवाल्याने बॅटरी लावून फिरवून दाखवला. हेडक्लार्कांच्या हातातली यादी उडून एका टायरच्या ढिगात गेली.

‘जुना पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो,’ भंगारवाला म्हणाला. ‘चढावर इंजिन दमलं की तोही दमतो. हा दमत नाही. पाणी तापलं की आपोआप सुरू, निवलं की आपोआप बंद. चावी काढली तरी याचं काम पुरं होईपर्यंत हा फिरणार.’

‘असा कर्मचारी आमच्या ऑफिसात नाही,’ हेडक्लार्क भारावून म्हणाले. निघताना भंगारवाल्याने पुन्हा पुन्हा बजावलं की प्लगची वायर कधी सुटी लोंबकळत ठेवू नका, डबी जळेल. हेडक्लार्कांनी ते लिहून घेऊन खाली तारीख टाकली.

घरी बायकोने तो सगळा संसार पाहिला आणि कपाळाला हात लावला. पण ओरडता येईना, कारण आत सासरे झोपले होते. त्यांच्या गाडीला कुणी हात लावलेला कळला असता तर ‘आता ती माझी गाडीच राहिली नाही’ म्हणून ते मोकळे झाले असते. म्हणून सगळं गुपचूप करायचं ठरलं. बायकोने टॉर्च धरायचा, हेडक्लार्कांनी पाना धरायचा, आणि बोलायचं झालं तर खुणेने. बावीस वर्षांत एवढं एकमताचं काम त्यांच्याकडून झालं नव्हतं.

हेडक्लार्क गेली एकोणीस वर्षं रेकॉर्ड विभागात होते. कुठलीही गोष्ट उघडण्याआधी तिला नंबर द्यायचा, हे त्यांच्या हाडीमांसी खिळलेलं. त्यांनी चार प्लगांच्या चार वायरींना चिठ्ठ्या बांधल्या. रेडिएटरकडून मोजत एक, दोन, तीन, चार. सुवाच्य अक्षरात, खाली छोटी सही. मग त्या वायरी जिथे डिस्ट्रिब्युटरच्या झाकणात शिरत होत्या, तिथे त्यांनी वाकून पाहिलं. टॉर्चच्या उजेडात त्यांचा चेहरा हळूहळू बदलला.

‘काय झालं?’ बायकोने कुजबुजत विचारलं.

‘बघ तूच. झाकणावर गोल फिरत वाच.’

‘एक... तीन... चार... दोन.’

‘एक, तीन, चार, दोन!’ हेडक्लार्कांनी पाना खाली ठेवला. ‘अगं, कोणीतरी मूर्खाने घोळ घालून ठेवलाय! म्हणून ही गाडी इतकी वर्षं धापा टाकतेय. साधा क्रम लावता येत नाही लोकांना!’

‘पण चालत तर होती...’

‘आमच्याकडे जन्ममृत्यूच्या नोंदी अशा लावल्या तर माणसं मेल्यावर जन्मतील,’ हेडक्लार्क म्हणाले आणि त्यांनी नव्या झाकणात वायरी लावल्या. एक, दोन, तीन, चार. दोन पावलं मागे होऊन त्यांनी पाहिलं. कसं, नजरेला बरं वाटलं. त्या रात्री ते फार समाधानाने झोपले.

शनिवारी रेडिएटर बसला, पंखा बसला, पाणी भरलं. दुपारी सासरे वामकुक्षीला गेले तसे हेडक्लार्क चावी घेऊन बसले आणि त्यांनी सेल्फ मारला.

फाट्!

शेडचा पत्रा उभा हादरला. हेडक्लार्कांना वाटलं, जुना धूर साचला असेल, म्हणून त्यांनी पुन्हा मारला. फाट्! फाट्! कार्बोरेटरमधून एक निळी ज्योत डोकावून गेली आणि सायलेन्सरने मागे वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीवर काजळीचा असा गोल उमटवला की चादरीला डोळाच आला. हेडक्लार्क थांबले असते, पण चिकाटी हा त्यांचा गुण (वार्षिक अहवालात तो लिहिलेला आहे). सातव्या आवाजाला समोरच्या घरातली मास्तरीणबाई जिन्याखाली जाऊन बसली.

घरातून काठीची टकटक ऐकू आली. बायको धावत आत गेली.

‘काय वाजलं गं?’

‘काही नाही बाबा. रस्त्यावर ट्रकचा टायर फुटला.’

‘सात वेळा?’

‘मोठा ट्रक होता, बाबा.’

सासरे थोडा वेळ कान देऊन उभे राहिले. मग ‘ड्रायव्हरला लागलं नाही ना?’ एवढं विचारून ते परत आडवे झाले. बाहेर येऊन बायको काजळीने माखलेल्या ड्रायव्हरकडे बघत राहिली. उद्याचा एक रविवार उरला होता.

हेडक्लार्कांनी भंगारवाल्याला फोन लावला.

‘डबी फुकट आहे तुमची! गाडी बार काढते.’

‘वायरी कशा लावल्यात, साहेब?’

‘क्रमाने.’

‘कुठल्या क्रमाने?’

‘क्रम काय दहा असतात? एक, दोन, तीन, चार!’

मग भंगारवाला, लहान मुलाला समजवावं तशा आवाजात म्हणाला, ‘एक, तीन, चार, दोन लावा.’

‘तसंच तर होतं आधी! मी ते दुरुस्त केलं!’

‘साहेब, तुमच्या ऑफिसात जड कपाट चौघे मिळून सरकवता, तेव्हा सगळे एकाच कोपऱ्याला ढकलता का? थोडं इथून, थोडं तिथून. इंजिनाचंही तसंच. एका टोकाकडून ओळीने ठोके बसत गेले तर ते हेलपाटेल. म्हणून पहिल्यानंतर तिसरा, मग चौथा, मग दुसरा.’

‘हे कुठे लिहिलेलं असतं?’

‘इंजिनावर. ओतीव अक्षरात. जरा पुसून बघा.’

हेडक्लार्कांनी पुसून बघितलं. तेलाच्या थराखाली ठसठशीत १-३-४-२ होतं. इतक्या वर्षांत कोणी पुसून बघितलं नाही, हा त्या आकड्यांचा दोष नव्हता.

‘साहेब, तुम्ही काम काय करता?’ भंगारवाल्याने विचारलं.

‘रेकॉर्ड विभागात हेडक्लार्क आहे.’

‘तरीच,’ असं म्हणून त्याने फोन ठेवला.

रविवारी सकाळी सासरे आंघोळीला गेल्याबरोबर हेडक्लार्कांनी मन घट्ट करून वायरी विस्कटल्या. दोन नंबर शेवटी लावताना त्यांचा हात दोनदा मागे आला, पण लावली. चावी फिरवली. सेल्फचा अर्धाही आवाज झाला नाही आणि गाडी चालू झाली. थरथर नाही, पत्र्याचा आवाज नाही, नुसती गुरगुर, मांजर मांडीवर बसल्यावर करतं तशी. हेडक्लार्कांच्या डोळ्यांत पाणी आलं. बायकोने टॉर्च खाली ठेवला आणि त्यांच्या खांद्यावरची काजळी पदराने पुसली. ‘जमलं हो तुम्हाला,’ ती म्हणाली, आणि तिला खरंच कौतुक वाटलं होतं.

गाडी दहा मिनिटं चालवून त्यांनी चावी काढली. इंजिन बंद झालं. पंखा चालूच. अगदी भंगारवाल्याने सांगितल्याप्रमाणे, काम पुरं होईपर्यंत. नेमके तेव्हाच सासरे टॉवेल गुंडाळून मागच्या दारात उभे.

‘ही घरघर कसली?’

‘शेजारचा पंप!’ हेडक्लार्क म्हणाले.

‘मिक्सर!’ बायको म्हणाली.

दोघे एकाच वेळी.

‘शेजारी मिक्सरने पाणी चढवतात का?’ सासऱ्यांनी विचारलं. इतक्यात पंख्याचं काम पुरं झालं आणि तो थांबला.

‘टाकी भरली.’

‘वाटून झालं.’

पुन्हा एकाच वेळी. सासऱ्यांनी मान हलवली. ‘दोघांनाही झोपेची गरज आहे,’ असं म्हणून ते कपडे करायला आत गेले.

सोमवार उजाडला. साडेसातला सासरे कडक इस्त्रीचा शर्ट घालून, मांडीवर पिशवी घेऊन मागच्या सीटवर बसले. शेजारी मुलगी. सासऱ्यांचा चेहरा शांत होता. इतका शांत, की बायकोला संशय आला. गाडी सुरू होणार नाही, झाली तर चढणार नाही, यावर त्यांचा पूर्ण विश्वास होता. हेडक्लार्कांनी आरसा नीट केला, घसा साफ केला आणि चावी फिरवली.

गुर्र.

झाली सुरू! हेडक्लार्क आरशातून सासऱ्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. आता निघेल शब्द.

‘ही गाडी कोणाची?’ सासऱ्यांनी विचारलं.

‘कोणाची म्हणजे? तुमचीच!’

‘माझी गाडी अशी सुरू होत नाही.’

‘बाबा, असं काय करता? आपलीच आहे,’ बायको म्हणाली. ‘सीट बघा हात लावून. इथे फाटलीय ना?’

‘फाटलेल्या सीटा सगळीकडे मिळतात. गाडी भाड्याने आणलीत तुम्ही. आंधळ्याला फसवताय.’ सासऱ्यांनी दाराची कडी चाचपली. ‘मी सांगितलं होतं, माझी गाडी. ही माझी नाही. चला, उतरवा मला.’

हेडक्लार्कांनी तत्परतेने डॅशबोर्डाचा खण उघडला. ‘हे घ्या बाबा, गाडीचं पुस्तक. तुमचं नाव आहे, बघा!’

‘जावईबापू, मला दिसत असतं तर मी हॉस्पिटलात कशाला निघालो असतो?’

‘मग मी वाचून दाखवतो...’

‘वाचणार तुम्हीच ना?’

झालं. तीन दिवस खपून केलेली गाडी दारात गुरगुरत होती आणि ज्यांच्यासाठी केली ते एक पाय बाहेर टाकून बसले होते. पावणेआठ झाले. आठला नाही पोचलो तर पुढची तारीख दोन महिन्यांनी, आणि दोन महिने तो डोळा थांबणार नव्हता. बायकोने नवऱ्याच्या दंडाला धरून त्यांना बॉनेटपाशी नेलं.

‘अहो, ती तुमची दोन नंबरची वायर. ती काढली तर काय होईल?’

‘काढली तर?’ हेडक्लार्क दचकले. ‘अगं, तीनच सिलिंडरवर चालेल! धक्के देईल, धापा टाकेल, पहिल्यासारखी...’ बोलता बोलता त्यांना समजलं. ‘नाही. ते नाही व्हायचं माझ्याच्याने.’

‘काढा.’

‘एवढी छान लागलीय गं.’

‘माझ्या बाबांचा डोळा जाईल हो,’ ती म्हणाली.

हेडक्लार्कांनी गाडी बंद केली, बॉनेट उघडलं आणि दोन नंबरची वायर उपटली. डबी जळू नये म्हणून तिचं टोक इंजिनाच्या लोखंडाला टेकवून फायलीच्या नाडीने आवळून बांधलं. मग गाडीत येऊन ते मोठ्याने म्हणाले, ‘बरोबर आहे बाबा, चुकून शेजारच्यांच्या गाडीत बसलो होतो. चला, आपल्या गाडीत बसू.’ सासऱ्यांना उतरवून, गाडीभोवती एक फेरी मारून, दुसऱ्या दाराने परत त्याच सीटवर बसवलं. हेडक्लार्कांनी चावी अर्धी-अर्धी करत नऊ वेळा फिरवली. मधेच चोक ओढला, स्टिअरिंगवर थाप मारली आणि दोन ठेवणीतल्या शिव्याही दिल्या. दहाव्या वेळी गाडी सुरू झाली. खडखड, थडथड, दारं वाजतायत, आरसा थरथरतोय.

सासऱ्यांनी मान मागे टेकली. ‘हां,’ ते म्हणाले. ‘ही माझी.’

मग त्यांच्या लक्षात आलं की आता सबब उरली नाही. गाडी आपली, आणि ती निघाली आहे. गल्लीच्या टोकाला त्यांनी मुलीचा हात धरला.

‘चढावर उकळेल बघ,’ ते आशेने म्हणाले.

नाही उकळली. हेडक्लार्कांनी दुसरा गिअर टाकून तिला टेकडीला लावली. तीन पायांवर ती धापा टाकत, हिसके देत चढत राहिली. पुढून पंखा फिरत होता, दोनपदरी रेडिएटर आपलं काम करत होता आणि पाण्याच्या तापमानाचा काटा मधोमध होता. हेडक्लार्कांना वाटलं, ओरडून सांगावं, बाबा, बघा काटा! पण काटा बघणारं गाडीत दुसरं कोणी नव्हतं.

‘मला भीती वाटते गं,’ सासरे मागून हळूच म्हणाले.

‘मलाही वाटते, बाबा,’ बायको म्हणाली. ‘पण मी आहे ना. बाहेरच बसणार आहे.’

सासऱ्यांनी तिचा हात सोडला नाही. आठला दोन मिनिटं कमी असताना गाडी हॉस्पिटलच्या दारात थांबली आणि पंखा एकटाच बराच वेळ फिरत राहिला.

ऑपरेशन झालं. पट्टी निघाली. सासऱ्यांनी पहिल्यांदा मुलीकडे पाहिलं आणि ‘किती वाळलीस गं’ म्हणाले. दोघंही रडली, तेव्हा नर्सने डोळ्याला पाणी लागेल म्हणून दोघांनाही रागावलं. मग सासऱ्यांनी जावयाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. ‘केस गेले वाटतं सगळे,’ ते म्हणाले. हेडक्लार्कांनी मनाशी म्हटलं, असू दे, खरी गोष्ट अजून पुढे आहे.

महिनाभर वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, असं सांगितलं होतं. त्या महिन्यात तपासणीला जाताना दर वेळी हेडक्लार्क वायर काढायचे आणि आल्यावर लावायचे. महिना संपला आणि डॉक्टरीणबाईंनी सासऱ्यांना गाडी चालवायची परवानगी दिली. डावा डोळा पुढच्या पंधरवड्यात करायचा ठरलं. हेडक्लार्कांनी आदल्या संध्याकाळी चारही वायरी पक्क्या बसवल्या, बॉनेटखाली फडकं फिरवलं, चिठ्ठ्या बदलून नव्या बांधल्या. आता सासऱ्यांना दिसत होतं. आता त्यांना सगळं दाखवायचं.

सकाळी सासरे ड्रायव्हरच्या सीटवर बसले. हेडक्लार्क शेजारी, बायको मागे. सासऱ्यांनी चावी फिरवली. गुर्र. त्यांच्या भुवया वर गेल्या. टेकडीवर गाडी लोण्यातून सुरी जावी तशी चढली, वर वळसा घालून खाली आली, शेडपाशी थांबली. वाफ नाही की थरथर नाही. सासरे खाली उतरले तेव्हा त्यांची मान जरा जास्तच ताठ होती.

‘पाहिलंत, जावईबापू?’ ते म्हणाले. ‘मी म्हणत नव्हतो? गाडीचा काही दोष नाही. सगळा हाताचा गुण आहे. महिनाभर तुम्ही चालवलीत, माझ्या मेंदूला धक्के बसत होते. मी बसलो, बघा, कशी पळाली.’

समोरून मास्तरीणबाई आली होती, तीही म्हणाली, ‘खरंच हो, जुन्या माणसांचा हातच वेगळा.’

हेडक्लार्कांचं तोंड उघडलं. मागच्या खिडकीतून बायको बघत होती. तिने डोळ्यांनीच विनवलं, नको, आणि आपल्या डाव्या डोळ्यावर बोट ठेवलं. वायर काढून आपल्याला फसवलं हे सासऱ्यांना कळलं असतं, तर तो डोळा त्यांनी जन्मात केला नसता. हेडक्लार्कांनी तोंड मिटलं. पण वायरीचं नाही तर नाही, निदान पंखा तरी दाखवता येईल, असं म्हणून त्यांनी बॉनेट उघडलं.

‘बाबा, हे बघा.’

सासरे वाकले. नव्या डोळ्याने त्यांनी सगळं अगदी बारकाईने न्याहाळलं.

‘हा पंखा कोणी बसवला?’

‘मी!’ हेडक्लार्क म्हणाले. त्यांची छाती दोन इंच फुगली.

‘कशाला?’

‘गाडी तापू नये म्हणून.’

‘पण ती तर तापतच नाही,’ सासरे म्हणाले. ‘आत्ता टेकडी चढून आलो की. माझ्या हाताखाली नाही तापत. उगाच ओझं कशाला? काढून टाकू.’

हेडक्लार्कांनी निमूटपणे पान्याकडे हात नेला. सासऱ्यांनी त्यांचं मनगट हलकेच, पण ठामपणे धरलं.

‘तुम्ही नका हात लावू, जावईबापू,’ ते मायेने म्हणाले. ‘मेकॅनिकला बोलवा.’